पाहणी गावची, तुलना जगाची

(बुलढाणा येथे दिलेल्या स्मृती-व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



मूर्तिजापूर तालुक्यात कंझरा नावाचं गाव आहे. खामगावाहून निघून अकोला ओलांडलं की मूर्तिजापूर. आपल्याला ते काही परकं नाही. कोरडवाहू शेतीचं, वऱ्हाडातल्या शेकडो गावांसारखं गाव. या सभागृहात काहींची सोयरीकही तिकडे असेल. या गावातल्या चाळीस घरांचा जमाखर्च परदेशातल्या विद्यापीठांत कित्येक वर्षं अभ्यासला जातो आहे. आपल्या महाविद्यालयांत मात्र तो क्वचितच उघडला जातो. आजचा विषय मला या गावाने दिला.

चाळीस घरं निवडली कशी, ते आधी सांगतो. इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरूला सुरू झाली. संस्थेच्या प्रक्षेत्रावर जोमाने येणारं वाण शेतकऱ्याच्या रानात का टिकत नाही, हे कळायचं तर आधी शेतकऱ्याचं घर कळलं पाहिजे. म्हणून १९७५ मध्ये तिने सहा गावं घेतली : महबूबनगर जिल्ह्यातली औरेपल्ली आणि डोकूर, सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेडा. प्रत्येक गावात चाळीस कुटुंबं घेतली. दहा भूमिहीन मजुरांची, आणि लहान, मध्यम, मोठे शेतकरी अशा तीन गटांतली प्रत्येकी दहा. पाहणी करणारा गावातच राहायचा. तीन-चार आठवड्यांनी तो पुन्हा त्याच उंबरठ्यावर जायचा आणि मागच्या भेटीपासूनचा हिशेब विचारायचा. कुणाच्या रानात किती दिवस मजुरीला गेलात, बैलजोडी कुणाची आणली, बियाणं घरचं की विकतचं, धान्य किती खाल्लं आणि किती विकलं, उसनं कुणाकडून घेतलं आणि कुणाला दिलं. कंझऱ्यात हे सलग दहा वर्षं चाललं.

शिकागो विद्यापीठातले रॉबर्ट टाउनसेंड यांनी औरेपल्ली, शिरापूर आणि कंझरा या तीन गावांच्या नोंदी घेऊन १९९४ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यांचा प्रश्न आपल्या रोजच्या जगण्यातला होता. एखाद्या घराचं पीक बुडालं, घरातलं माणूस आजारी पडलं, तर त्या घराचं खाणंपिणं तेवढंच आकसतं का? उत्तर असं आलं की घराचा खर्च त्या घराच्या त्या वर्षीच्या कमाईपेक्षा गावाच्या सरासरी खर्चासोबत वरखाली होतो. देवाणघेवाण, उसनवारी, साठवण यांनी गाव बऱ्याच अंशी एकमेकांना तोलून धरतं. मात्र तीनपैकी एका गावात भूमिहीनांच्या वाट्याला हा आधार इतरांपेक्षा कमी येत होता. पुढे इक्रिसॅटने याच धर्तीवर १९८०च्या दशकात बुर्किना फासो आणि नायजर या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांतही गावपाहण्या केल्या. म्हणजे वऱ्हाडातल्या मजुराची आणि नायजरमधल्या बाजरी पेरणाऱ्याची तुलना करायची सोय चाळीसेक वर्षांपासून आहे. या नोंदी आज कुणालाही संगणकावर पाहता येतात.

मला हे इतक्या तपशिलाने सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडचे तरुण प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी मला सतत विचारतात : दोन-चार देशांची तुलना करणारं सर्वेक्षण करायचं आहे, साधनं कुठून आणू? बहुतेकांच्या मनात साधन म्हणजे पैसा असतो. माझं मत असं की पैसा या यादीत शेवटी येतो. आधी येते दुसऱ्यांनी गोळा करून ठेवलेली माहिती, मग घासूनपुसून पारखलेले प्रश्न, मग घरं निवडायची यादी, मग उंबरठ्यावर बसून धीराने ऐकणारा माणूस. यातल्या पहिल्या दोन गोष्टी जवळजवळ फुकट मिळतात. चौथी कुठल्याच देशात विकत मिळत नाही, पण या जिल्ह्यात ती तयार करता येते. तिच्याकडे मी नंतर वळतो.

पाहणीची ही विद्या बाहेरून आयती आली, असा एक समज आहे. तो खोडून काढण्याइतका पुरावा आपल्या मातीत आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ मध्ये पुस्तक छापलं. आज ते गाव पिंपरी-चिंचवडच्या इमारतींत बुडालं आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी १९३०च्या दशकात पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. पण आपल्या शेतकऱ्याच्या सगळ्यात जवळची पाहणी म्हणजे पीक कापणी प्रयोग, आणि तिथे दोन मराठी नावं पुढे येतात. एक विनायक गोविंद पानसे, दुसरे पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

त्याआधी पिकाचा अंदाज म्हणजे आणेवारी. पाटील-तलाठी बांधावर उभे राहून नजरेने सांगायचे, यंदा आठ आणे, यंदा बारा आणे. साऱ्यातली सूट त्यावर मिळायची किंवा नाकारली जायची. १९४०च्या दशकात पानसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या वऱ्हाडात कापसाच्या उत्पन्नाची नमुना-पाहणी केली. कापूस हे त्यातलं अवघड पीक. ज्वारी एकदा कापली की झालं. कपाशीची वेचणी तीन-चारदा होते आणि प्रत्येक वेळी त्याच आखलेल्या तुकड्यावर जाऊन वजन करावं लागतं.

हा प्रयोग कसा होतो, ते इथल्या शेतकऱ्यांनी पाहिलेलं आहे, तरी विद्यार्थ्यांसाठी सांगतो. गावातला गट क्रमांक चिठ्ठीने निघावा तसा निघतो, कुणाच्या मर्जीने नाही. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर उभं राहायचं. दोन आकडे यादृच्छिक तक्त्यातून आलेले असतात. एका आकड्याइतकं लांबीकडे जायचं, दुसऱ्याइतकं रुंदीकडे. जिथे पाय थांबेल तिथे खुंटी. तिथून ठरलेल्या मापाचा तुकडा दोरीने आखायचा, त्यातलं सोयाबीन सोंगायचं, तिथेच मळायचं, वजन करायचं. पीक त्या जागी दाट असो की विरळ, जागा हलवायची नाही. तलाठी, कृषी सहायक, विमा कंपनीचा माणूस आणि शेतकरी, सगळे हजर. पीकविम्याची भरपाई अखेर या वजनावर येऊन थांबते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सुखात्मे यांनी या दोरीबद्दल मोलाचं संशोधन केलं. तुकडा किती मोठा असावा, यावर तेव्हा मोठा वाद होता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांवर काम करत होते. वेळ आणि खर्च वाचतो. सुखात्मे यांनी प्रत्यक्ष शेतात दोन्ही मापं लावून १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की फार लहान तुकडा घेतला की उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण साधं आहे. दोरीच्या काठावरची ताटं आत घ्यायची की बाहेर ठेवायची, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात नकळत आत घेण्याकडे झुकतो. तुकडा लहान असला तर त्याच्या मानाने काठ जास्त, म्हणून चूकही जास्त. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले सुखात्मे १९५१ मध्ये रोमला गेले आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत १९७० पर्यंत सांख्यिकी विभागाचे संचालक होते. आपल्या रानातली दोरी आणि खुंटी समजून घेतलेला माणूस देशोदेशीच्या शेती-पाहण्यांचा मार्गदर्शक झाला. नमुना-पाहणीवरचं त्यांचं पुस्तक आणि पानसे यांच्याबरोबर लिहिलेलं शेती-सांख्यिकीचं पुस्तक, दोन्ही १९५४ची. आपल्या कृषी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ती असली तर कपाटातून बाहेर काढा.

आता आजच्या साधनांकडे येऊ. १९७२ मध्ये लंडनहून जागतिक प्रजनन सर्वेक्षण सुरू झालं, आणि पहिल्यांदाच अनेक गरीब देशांतल्या बायकांना सारख्याच पद्धतीने प्रश्न विचारले गेले. ते संपल्यावर १९८४ पासून अमेरिकी मदतीने डीएचएस हा लोकसंख्या आणि आरोग्याचा कार्यक्रम चालू झाला. त्याच कुळातली आपली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. पहिली १९९२-९३ मध्ये झाली. तिचं काम मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे. २०१५-१६च्या चौथ्या पाहणीपासून जिल्हावार आकडे मिळू लागले. २०१९-२१च्या पाचव्या पाहणीत देशभरात ६,३६,६९९ कुटुंबांच्या मुलाखती झाल्या, आणि बुलढाणा जिल्ह्याची स्वतंत्र माहितीपत्रिका निघाली. इथल्या बाळाचं वजन, आईच्या रक्तातलं हिमोग्लोबिन, घरातला संडास, स्वयंपाकाचं इंधन हे प्रश्न नेपाळात, बांगलादेशात, इथिओपियातही जवळपास त्याच रूपात विचारले गेले आहेत. तुलनेचं अर्धं काम आधीच झालेलं आहे.

यात एक धोक्याची खूण आहे. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने परदेशी मदत आखडती घेतली आणि डीएचएस कार्यक्रम मध्येच थांबला. कित्येक देशांत पाहण्या अर्धवट राहिल्या, नव्या संशोधकांची नोंदणीही थांबली. आपली पाहणी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची असल्याने तिची गोष्ट वेगळी. पण जगाची माहिती एकाच देशाच्या तिजोरीवर टेकून ठेवली की काय होतं, ते आपण पाहिलं. म्हणून माझा आग्रह आहे की जे मोफत आहे ते आजच उतरवून घ्या, प्रश्नावलीसकट आणि नमुना-निवडीच्या टिपणासकट, आणि महाविद्यालयाच्या संगणकावर नीट लावून ठेवा.

काय उतरवून घ्यायचं, ते थोडक्यात. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या घरवार नोंदी मिळतात. जागतिक बँकेच्या सूक्ष्मविदा ग्रंथालयात कितीतरी देशांच्या पाहण्या प्रश्नावलीसकट ठेवल्या आहेत. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचं आयपम्स निरनिराळ्या देशांच्या जनगणना आणि पाहण्या एकाच सांकेतिक यादीत बसवून देतं. हे कंटाळवाणं काम कुणीतरी आपल्यासाठी करून ठेवलं आहे, याची किंमत स्वतः केल्याशिवाय कळत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या भांडारात भारतीय मानव विकास सर्वेक्षण आहे; २००४-०५ मध्ये ज्या कुटुंबांना भेटले, त्यांतल्या बहुतेकांना २०११-१२ मध्ये पुन्हा भेटून केलेलं. मोबाइलवर मुलाखत नोंदवायला कोबोटूलबॉक्स आणि ओडीके ही मोफत साधनं आहेत. ती देवनागरीत चालतात आणि सातपुड्यात रेंज नसली तरी अडत नाहीत. आकडेमोडीला ‘आर’ आहे, तेही मोफत. इतकं असताना साधनं नाहीत ही तक्रार मला मान्य होत नाही.

खरी अडचण प्रश्नात असते. देशोदेशीच्या पाहण्यांत पहिला प्रश्न असतो : या घरात कोण कोण राहतं? आपल्याकडची व्याख्या म्हणजे एकत्र राहणारे आणि एका चुलीवर जेवणारे. जळगाव जामोदकडच्या एका गावात आमच्या पाहणीतल्या मुलीने हा प्रश्न विचारला, तेव्हा ओट्यावर तूर निवडणारी म्हातारी म्हणाली, “चूल येकच हाय बाप्पा, पन लेक अन सून दिवाळी झाली का सुरतेले जाते. आखाजीले येते.” आता लेक या घरात मोजायचा की सुरतेत? सहा महिने राहिला तरच घरातला, असा नियम लावला तर तो एका पाहणीत इथे दिसेल आणि दुसऱ्या पाहणीत कुठेच दिसणार नाही. आमच्या मुलीने तिथे एक शहाणपणाची गोष्ट केली. पुढच्या प्रश्नाकडे न धावता तिने म्हातारीला महिनावार विचारलं : पोळ्याला कोण होतं, दिवाळीला कोण, संक्रांतीला कोण? वर्षभराचं घर कागदावर उतरलं. आफ्रिकेत बाजारहाटासाठी आणि खाणकामासाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांची मोजणी करताना हीच अडचण येते, आणि उपायही स्थानिक सणवारांचं, पेरणी-कापणीचं वेळापत्रक हाताशी ठेवण्याचाच आहे. तारखा विसरल्या जातात. आखाजी कुणी विसरत नाही.

दुसरं उदाहरण तब्येतीचं. तुमची प्रकृती कशी आहे, असं विचारलं तर काय मिळतं? अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की केरळचे लोक बिहारच्या लोकांपेक्षा जास्त आजार सांगतात, आणि अमेरिकेतले त्याहून जास्त. प्रत्यक्षात आयुर्मान मात्र याच क्रमाने वाढत जातं. ज्याला दवाखाना माहीत आहे, त्यालाच आपला आजार आजार वाटतो. मग देशांची तुलना कशी करायची? यावर एक चांगली पद्धत निघाली आहे. माणसाला स्वतःबद्दल विचारायचं, आणि सोबत दोन-तीन कल्पित माणसांबद्दलही. उदाहरणार्थ, एका बाईला दोन हंडे घेऊन विहिरीवरून येताना मध्ये बसावं लागतं. तिचा त्रास थोडा म्हणाल, मध्यम की फार? ही बाई सगळ्या देशांत सारखीच ठेवायची. तिच्याबद्दलच्या उत्तरावरून त्या माणसाची मोजपट्टी कळते, आणि त्याने स्वतःबद्दल दिलेलं उत्तर त्या पट्टीवर बसवता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वृद्धांच्या पाहणीत ही पद्धत वापरली आहे, आणि तिच्या भारतातल्या सहा राज्यांत महाराष्ट्र आहे.

आता घरं निवडायची यादी. आपली शेवटची झालेली जनगणना २०११ची. त्या वेळी जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. त्यानंतर मलकापूर-खामगावच्या कडेला वस्त्या वाढल्या, काही वाड्या रिकाम्या झाल्या. पुढची जनगणना २०२७ची आहे. तिची नवी यादी हाती येईपर्यंत निवडलेल्या गावात स्वतः घरयादी करणं हाच मार्ग. आणि जिल्हा एकजिनसी समजू नका. घाटावरचे तालुके आणि घाटाखालचे तालुके यांच्यात पाणी, पीक, मजुरी सगळंच वेगळं. घाटाखाली पुन्हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा, जिथे विहिरीचं पाणी असून पिता येत नाही. निवड करताना हे थर आधीच वेगळे काढले नाहीत, तर सरासरी निघेल आणि ती कुठल्याच गावाला लागू पडणार नाही.

भाषेबद्दल एवढंच म्हणेन की आपल्या एका जिल्ह्यात जगभरच्या अडचणी एकत्र नांदतात. वऱ्हाडी, उर्दू, सातपुड्यात कोरकू, आणि जळगाव जामोदच्या परिसरात निहाली, जिचं नातं भाषाशास्त्रज्ञांना जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी पक्कं जुळवता आलेलं नाही. दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असले तर जनगणना त्या भाषेचं नाव स्वतंत्रपणे छापत नाही. निहाली त्यात अडकते. प्रश्नावलीचं एकट्याने भाषांतर करून दुसऱ्याकडून उलट भाषांतर करून घ्यायची जुनी रीत पुरेशी नाही. युरोपीय सामाजिक सर्वेक्षणाने रुळवलेली पद्धत अशी की दोघांनी स्वतंत्रपणे करायचं, मग तिसऱ्याबरोबर बसून ओळीओळीवर भांडायचं, गावात पारखायचं आणि प्रत्येक निर्णयाची नोंद ठेवायची. मिशिगन विद्यापीठाने बहुदेशीय पाहण्यांची मार्गदर्शक पुस्तिका मोफत ठेवली आहे. तिच्यात हे सगळं सविस्तर आहे.

परवानग्यांबद्दल थोडंसं. आरोग्यविषयक संशोधनात परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते. परदेशी पैसा असेल तर त्याचे कायदे वेगळे. महाविद्यालयाची नैतिकता समिती ही कागदी औपचारिकता समजू नका. ज्याने आपल्या कर्जाचा आकडा सांगितला, त्याचं नाव गावात फुटलं तर तो माणूस आयुष्यातून उठतो. आणि निष्कर्ष गावात परत नेले पाहिजेत, ग्रामसभेत, मराठीत, सोप्या तक्त्यांत. हे मी अगदी मनापासून मागतो, कारण आजवर आपल्या गावांनी दिलं बरंच आणि परत आलं फार थोडं.

शेवटी एक ठोस प्रस्ताव मांडतो. अन्न व कृषी संघटना, म्हणजे सुखात्मे जिथे होते तीच, अन्न-असुरक्षितता मोजण्यासाठी आठ प्रश्नांचं एक माप वापरते. पैशाअभावी अन्न पुरेल की नाही याची चिंता वाटली का, इथपासून पूर्ण दिवस उपाशी राहावं लागलं का, इथपर्यंत. उत्तर फक्त हो किंवा नाही. शंभराहून अधिक देशांत हे प्रश्न विचारले गेले आहेत, आणि वेगवेगळ्या देशांची उत्तरं एका पट्टीवर आणण्याची सांख्यिकी रीत संघटनेने खुली ठेवली आहे. विचारायला पाच-दहा मिनिटं लागतात. जिल्ह्यातल्या तीन-चार महाविद्यालयांनी एकत्र येऊन घाटावरची काही गावं, खारपाणपट्ट्यातली काही आणि सातपुड्याच्या पायथ्याची काही अशी निवडावीत. दोनदा जावं. एकदा सोंगणीनंतर, हातात पैसा असताना; आणि एकदा श्रावण-भाद्रपदात, जुनं धान्य संपून नवं आलेलं नसताना. दर वेळी मागच्या तीस दिवसांबद्दल विचारावं. मराठी आणि कोरकू पाठ इथेच पारखून घ्यावा, आणि कोरकू बोलणाऱ्या मुलामुलींना या कामाचं मानधन मिळावं. मानधनासाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे लहान अर्ज करता येईल. सामाजिक शास्त्रं, सांख्यिकी आणि शेती या तिन्ही विभागांतले शिक्षक लागतील, आणि गावात मुक्काम करायची तयारी असलेले विद्यार्थी लागतील. प्रश्नांच्या प्रती मी आणल्या आहेत. ज्यांना यात उतरायचं आहे, त्यांनी सभेनंतर थांबावं. पहिलं भांडण पहिल्या प्रश्नातल्या ‘चिंता’ या शब्दापासून सुरू करू.